कृपया येथे थुंकावे

ठाणे स्टेशनात उतरलं की पाटी दिसते : थुंकणाऱ्यास दंड. तुमचा धंदा नेमका उलटा. लोकांनी थुंकावं, नळीवरच्या खुणेपर्यंत थुंकावं आणि वर चार-पाच हजार रुपये तुमच्याच हातावर टेकवावेत. जनुकीय चाचणीची कंपनी काढताय, मनापासून अभिनंदन! वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतलात, नावात कुठेतरी 'जीन' बसवलंत, भिंतीवर डीएनएची ती पिळदार शिडी रंगवून घेतलीत, म्हणजे बहुतेक काम झालंच. राहिली नीतिमत्ता आणि डेटाची सुरक्षा. ती किरकोळ कामं मी सांगतो तशी उरकून टाका.

सगळ्यात आधी एक, कुणाला न सांगता पाळायचा नियम : स्वतः थुंकायचं नाही. उद्घाटनाला फोटोग्राफर म्हणेल, "सर, नळी तोंडाशी धरा." धरा, हसा, फोटो होऊ द्या आणि नळी कोरडीच परत ठेवा. फुकटात नमुना द्यायला नातेवाईक असतात. कळव्याचा मावसभाऊ कधीचा मागे लागलाय ना, त्यालाच पहिलं गिऱ्हाईक करा. बॅनरवर फोटो येणार म्हटल्यावर तो दोन नळ्या भरून देईल.

मग गणपतीत घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये स्टॉल लावा. मात्र माणसांना प्रसादाच्या आधी गाठायचं, कारण मोदक खाल्ल्यावर अर्धा तास नमुना घेता येत नाही. 'तुमचे पूर्वज कुठून आले?' एवढाच प्रश्न विचारा. मराठी माणूस या प्रश्नापुढे उभा राहत नाही, बसतोच. कुलवृत्तांत छापणारी, पत्रिकेत गोत्र बघणारी माणसं आपण. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे गेलं की गाव आणि आडनाव सांगताच वहीतून आजोबांची सही निघते आणि आपले डोळे भरून येतात. ही उपाध्यायांची पद्धत अगदीच मागासलेली, हे स्टॉलवर आवर्जून सांगा. वही लाल कापडात, कापड कपाटात, किल्ली गुरुजींच्या कनवटीला. पाच महिने कुणीतरी रात्री येऊन वह्या वाचतंय आणि गुरुजींना पत्ताच नाही, असं तिथे घडायचं नाही. त्याला आधुनिक कंपनीच लागते.

अमेरिकेत 'ट्वेंटीथ्री अँड मी' या थुंकीवरूनच जनुकं तपासणाऱ्या कंपनीत ते घडलं. २०२३ च्या एप्रिलअखेरपासून पाच महिने कुणीतरी आत ये-जा करत होतं, कंपनीला कळलं ऑक्टोबरमध्ये. बरं, कुलूप तोडलं म्हणावं तर तेही नाही. इतर वेबसाइटवरून फुटलेले पासवर्ड लावून पाहिले आणि साधारण १४ हजार खाती उघडली. तिथे 'आपले नातेवाईक शोधा' अशी सोय होती, त्यामुळे त्या १४ हजारांच्या खिडकीतून ६९ लाख माणसांची माहिती दिसली. ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विकायलाही ठेवल्या गेल्या. इथे तुम्ही शिकायचं ते कंपनीच्या वकिलांकडून. त्यांनी कळवलं, पासवर्ड ग्राहकांनीच हलगर्जीपणाने पुन्हा वापरले, आमचा काय दोष? हे वाक्य आत्ताच मराठीत करून लेटरहेडवर तयार ठेवा. ज्या ६९ लाखांतल्या बहुतेकांचे पासवर्ड ठणठणीत होते, त्यांना काय उत्तर द्यायचं ते पत्रात घालू नका, जागा पुरत नाही. आणि चोरी झालीच तर ग्राहकांना 'पासवर्ड बदला' असा तातडीचा मेल टाका. 'जनुकं बदला' असं चुकून लिहू नका. लोकांना विनोद कळत नाहीत.

आता संमतिपत्र. इथे जरा सावकाश चला, खरी मलई इथेच आहे.

तुमच्या काकांच्या सात-बारावर सहा नावं असतात. चिपळूणजवळचा दीड गुंठा विकायचा तर सहाही जणांच्या सह्या लागतात. नागपूरच्या आत्याचं हक्कसोडपत्र आणावं लागतं. ती तीस वर्षांपूर्वीच्या पाटल्यांचा विषय काढते, व्यवहार अडतो. खरेदीखताच्या दिवशी कुणीतरी हमखास रुसतं. दीड गुंठ्यासाठी हे! आणि जनुकं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची, वाटणी न झालेली इस्टेट. सख्ख्या भावंडांत ती निम्मी सामाईक, चुलत-मावस भावंडांत साधारण आठवा हिस्सा. ती तुमच्या स्टॉलवर एका माणसाच्या एका सहीने मिळते. आत्याला विचारावं लागत नाही, तिला कळतही नाही. तलाठ्याला हे समजलं तर तो नोकरी सोडून तुमच्याकडे येईल.

हे ग्राहकाला सांगायचं का? छे. २०१८ साली कॅलिफोर्नियात जोसेफ डिअँजेलो नावाच्या माजी पोलिसाला अटक झाली, सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या खून आणि बलात्कारांसाठी. त्याने कुठल्याही वेबसाइटवर थुंकी दिली नव्हती. जीईडीमॅच नावाच्या वंशावळीच्या साइटवर त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने माहिती टाकली होती, पोलीस त्या धाग्याने घरापर्यंत पोचले. गुन्हेगार सापडला, छानच झालं. ही गोष्ट जाहिरातीत वापरा. फक्त, त्याच धाग्याने विमा कंपनीलाही कुणाच्या घरापर्यंत चालत जाता येईल, हा भाग गाळा. अमेरिकेत २००८ पासून कायदा आहे की जनुकं बघून नोकरी किंवा आरोग्यविमा नाकारता येणार नाही. आयुर्विमा त्यांनीही बाहेरच ठेवला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही, त्यामुळे बाहेर काय ठेवायचं हा प्रश्न उरत नाही.

संमतिपत्र चौदा पानी असू द्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला ते आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येतं, म्हणजे मराठीतही. द्या की! असं मराठी द्या की वाचणारा स्वतःहून इंग्रजी मागेल. 'सदरहू जैविक नमुन्यातून व्युत्पन्न अनामिकीकृत विदा तृतीय पक्षास हस्तांतरणीय राहील.' काका चष्मा पुसतील, मुलाकडे बघतील, मुलगा म्हणेल, "करा हो बाबा, सगळेच करतात." संमती झाली. अनामिकीकृत म्हणजे नाव काढलेली. जन्मसाल, पिनकोड, आडनावाची पोटजात आणि सहा-सात लाख ठिकाणची जनुकीय अक्षरं तेवढी ठेवायची.

त्याच कायद्यात सुरक्षेची हेळसांड झाली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. दचकू नका. आधीच्या मसुद्यांत जनुकीय माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. अंतिम कायद्यात तो वर्गच नाही. तुमच्या ग्राहकाची जनुकं आणि त्याने पिझ्झा मागवताना दिलेला पत्ता एकाच मापाचे. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. अठरा महिन्यांत ठाण्यात एखादा उड्डाणपूल होणार नाही, पण कंपनी उघडून बंद निश्चित होते.

दैनंदिन सुरक्षेचं काय? रिपोर्टची एक्सेल शीट 'लॅब फॅमिली' ग्रुपवर असतेच, तिथे सगळे घरचेच. प्रिंट खालच्या झेरॉक्सवाल्याकडे काढा, तो पेनड्राइव्ह परत देतो, प्रामाणिक आहे. नीतिमत्ता समिती मात्र हवीच : एक निवृत्त प्राध्यापक, एक वकील, तीन महिन्यांनी बटाटावडा.

आणि धंदा बुडाला तर? त्या ट्वेंटीथ्री अँड मीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीड कोटी ग्राहकांची माहिती लिलावात आली. शेवटी ३०.५ कोटी डॉलरला संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली. तुमच्या गाळ्यातही यादी होईल : चाळीस खुर्च्या, दोन एसी, एक सेंट्रिफ्यूज, एक हार्डडिस्क. खुर्च्यांना कुणी विचारणार नाही. डिस्क कुणीतरी घेईल, त्याचं नाव पावतीवर असेल, तेवढं पुरे.

तुम्ही नौपाड्यातल्या घरी निवांत. स्वतः थुंकला नव्हतात, केवढी दूरदृष्टी! वर्षभराने टर्म इन्शुरन्ससाठी फोन कराल. पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारेल, "सर, घरात हार्टचा काही त्रास?"

"नाही हो, कुणालाच नाही."

"ओके सर," ती म्हणेल आणि क्षणभर कीबोर्डचा आवाज येईल. "कळव्याच्या मावसभावांना एकदा विचारून घेता का?"