बेब्लावींचा राजीनामा आणि रबाआ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इजिप्तचे अर्थशास्त्रज्ञ आणि माजी पंतप्रधान हाझेम अल-बेब्लावी यांच्यावरच्या लेखात मी त्यांच्या २०११ च्या राजीनाम्याचे गोडवे गायले आणि २०१३ मध्ये कैरोतल्या रबाआ चौकात झालेल्या हत्याकांडाबद्दल चकार शब्द काढला नाही, असं तुम्ही लिहिलंत. शिवाय ज्याच्या कारकिर्दीत एवढं रक्त सांडलं त्याच्या अर्थशास्त्राचं कौतुक कसलं, असंही विचारलंत. पहिला आरोप मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्यावर मात्र मी भांडणार आहे.

आधी राजीनामा. जुलै २०११ मध्ये बेब्लावी इजिप्तचे उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले, तेव्हा ते पंचाहत्तरीला टेकले होते. पॅरिसची डॉक्टरेट, अलेक्झांड्रिया विद्यापीठातलं अध्यापन, निर्यात विकास बँकेचं अध्यक्षपद, संयुक्त राष्ट्रांच्या पश्चिम आशिया आयोगाचं प्रमुखपद, एवढं सगळं झाल्यावर मंत्रिपद. ९ ऑक्टोबरला कैरोत मास्पेरो इमारतीजवळ लष्कराने कॉप्टिक ख्रिस्ती निदर्शकांवर हल्ला केला, वीसहून अधिक माणसं मेली. सरकारचा थेट हात नसला तरी जबाबदारी शेवटी सरकारचीच, असं म्हणत बेब्लावींनी दोनच दिवसांत राजीनामा दिला. तेव्हा देशाची सत्ता हाती असलेल्या लष्करी परिषदेने तो घेतला नाही, ते पदावर राहिले.

आता रबाआ. १४ ऑगस्ट २०१३ ला बेब्लावी पंतप्रधान होते. पदच्युत राष्ट्रपती मोहम्मद मोर्सी यांच्या समर्थकांनी रबाआ चौकात धरलेलं धरणं सुरक्षा दलांनी मोडून काढलं. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेच्या मोजणीनुसार तिथे किमान ८१७ माणसं मारली गेली. मोहम्मद अल-बरादेई यांनी त्याच दिवशी उपराष्ट्रपतिपद सोडलं. बेब्लावींनी सोडलं नाही, उलट कारवाईची बाजू घेतली. मास्पेरोच्या वेळी जबाबदारीचं जे माप त्यांनी स्वतःला लावलं, तेच रबाआला लावलं तर त्यांच्या वागण्याचं समर्थन मला करता येत नाही. मी पहिली घटना सांगून दुसरी वगळली, त्यामुळे वाचकापुढे खोटं चित्र उभं राहिलं. ही चूक माझी.

पण म्हणून त्यांचा विचार टाकून द्यायचा? ‘रेंटियर स्टेट’, म्हणजे भाड्यावर जगणारं राज्य, ही कल्पना अर्थतज्ज्ञ हुसेन महदवी यांनी १९७० मध्ये इराणच्या संदर्भात मांडली होती. बेब्लावी आणि जाकोमो लुचानी यांनी १९८७ च्या पुस्तकात ती अरब देशांना लावून दाखवली. घरभाड्यावर जगणाऱ्या मालकाला कष्ट करावे लागत नाहीत. तसं तेलासारख्या बाहेरून येणाऱ्या पैशावर चालणाऱ्या राज्याला प्रजेकडून फारसा कर गोळा करावा लागत नाही. आणि कर मागितला नाही की हिशेबही द्यावा लागत नाही. तेल नसलेल्या देशांनाही याची लागण होते, हे बेब्लावींचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आखातात राबणाऱ्या मजुरांनी घरी धाडलेला पैसा, परकी मदत, सुएझ कालव्याची जकात... इजिप्त यातच येतो.

आता २०१३ चा जुलै आठवा. बेब्लावींचं नाव पंतप्रधानपदासाठी जाहीर झालं त्याच आठवड्यात सौदी अरेबियाने ५, कुवेतने ४ आणि संयुक्त अरब अमिरातीने ३ अब्ज डॉलर देऊ केले. म्हणजे १२ अब्जांची मदत आखातातून, आणि पाचेक आठवड्यांत रबाआ. ज्या सरकारचा खर्च बाहेरून भागतो त्याला आपल्या नागरिकांची पर्वा किती उरते, हा प्रश्न बेब्लावींच्याच मांडणीतून उभा राहतो आणि त्यांच्याच सरकारला सगळ्यात जास्त लागू पडतो. ती मांडणी फेकून दिली तर त्यांना जाब विचारण्याचं एक धारदार साधन आपण गमावू.

मूळ लेखात राजीनाम्याच्या परिच्छेदाखाली रबाआचा परिच्छेद आज जोडतो आहे, आणि तो तुमच्या प्रतिक्रियेमुळे जोडला असं तिथे लिहितो आहे.