मुलांच्या पुस्तकांतून माणसे का गाळता?

आज संध्याकाळी मुलीच्या शाळेतल्या पालकसभेहून परत आले ती संतापानेच, आणि तो संताप थंड होण्याआधीच हे लिहीत आहे. वर्गाच्या ग्रंथालयासाठी माहितीपर पुस्तके निवडायची होती. पक्षी, किल्ले, ज्वालामुखी, अवकाश या विषयांवरची पुस्तके चटकन मान्य झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मग चिपको आंदोलनावरचे एक आणि महाडच्या सत्याग्रहावरचे एक अशी दोन पुस्तके पुढे आली, तेव्हा ‘इतक्या लहान मुलांना आंदोलने कशाला, त्यांच्या मनात नकारात्मकता नको’ असे म्हणून ती बाजूला ठेवण्यात आली. मी बोलले, आणखी एक-दोघे बोलले, पण वेळ संपत आली होती आणि पुढचा विषय सहलीचा होता.

मुलांना काय झेपते आणि काय झेपत नाही, हे मोठी माणसे इतक्या खात्रीने कशाच्या आधारावर ठरवतात, हे मला खरोखर समजत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही पुण्याजवळच्या मुळशी धरणावर गेलो होतो. लेकीच्या हातात धरणांविषयीचे एक सुंदर छापलेले पुस्तक होते. भिंत कशी बांधतात, पाण्याचा दाब खाली का जास्त असतो, जनित्र कसे फिरते, हे सारे त्यात नीट चित्रांसह समजावलेले होते आणि तिने ते मन लावून वाचलेले होते. तलावाकडे बराच वेळ पाहून तिने विचारले, “आई, या पाण्याखाली आधी काय होतं?” तिने पुस्तक पुन्हा चाळून पाहिले. त्यात पाण्याखाली काहीच नव्हते.

पाण्याखाली गावे होती. मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यातली भाताची शेते, घरे, देवळे होती. टाटांच्या वीज कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती, आणि सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने जमिनी तिच्या हाती दिल्या. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट त्यांचे नेते होते आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. लढा 1924पर्यंत चालला आणि शेतकरी तो हरले. बापटांना अखेरीस सात वर्षांची शिक्षा झाली. हे मी तिला तिथे उभी राहूनच सांगितले. ती घाबरली नाही, रडली नाही. तिने लगेच पुढचे प्रश्न विचारले: त्या लोकांना दुसरी जमीन मिळाली का, आणि हे बापट म्हणजे आपल्या सेनापती बापट रस्त्याचेच का? ज्या रस्त्यावरून ती रोज शाळेत जाते, त्याच्या पाटीवरचे नाव तिला त्या दिवशी पहिल्यांदा एका माणसाचे नाव म्हणून कळले.

वीज आली, गिरण्या चालल्या, शहर वाढले, हेही खरे आहे. ते मी तिला सांगितले, आणि पुस्तकातही ते असावे. माझे म्हणणे एवढेच आहे की जनित्राचे चित्र काढायला पान मिळते, तर उठलेल्या गावाचे चित्र काढायलाही पान मिळाले पाहिजे.

निसर्गाच्या पुस्तकांत तर हे सर्रास चालते. जंगलाच्या पुस्तकात वाघ असतो, रानकुत्रे असतात, गिधाडे असतात, पण माणूस एक तर नसतोच किंवा कुऱ्हाड घेतलेला असतो. चिपकोवर दोन ओळी आल्याच तर त्यात बायका झाडांना मिठ्या मारताना दिसतात, जणू त्यांना एके दिवशी झाडांचे फार प्रेम आले म्हणून. 1973मध्ये आजच्या उत्तराखंडातल्या मंडल गावाजवळच्या जंगलातले अंगू नावाच्या झाडांचे लाकूड शेतीच्या अवजारांसाठी गावकऱ्यांच्या संस्थेला नाकारले गेले आणि तीच झाडे खेळाचे सामान बनवणाऱ्या एका कंपनीला देण्यात आली, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला कळायला कितीसा वेळ लागतो? खेळाच्या मैदानावर ‘हे बरोबर नाही’ असे दिवसातून दहा वेळा म्हणणारी ती मुले आहेत. 26 मार्च 1974 रोजी रेणी गावातले पुरुष नुकसानभरपाईच्या पैशांसाठी चमोलीला गेले होते आणि नेमक्या त्याच वेळी तोडीची माणसे जंगलाकडे निघाली, तेव्हा गौरादेवी गावातल्या बायकांना घेऊन आडव्या आल्या. यात भूगोल आहे, अर्थशास्त्र आहे, वनस्पतिशास्त्र आहे आणि धाडस आहे. मुलांसाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही. आणि आज आम्ही तो नकारात्मक म्हणून कपाटाबाहेर ठेवला.

महाडविषयी लिहिताना मात्र माझा हात जड होतो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, इथपर्यंत बहुतेक पुस्तके सांगतात. ते तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने त्याआधीच केलेला होता, परतणाऱ्या लोकांवर लाठ्यांनी हल्ला झाला, नंतर शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 1937 उजाडले, हे मात्र गळून जाते. मग मुलांना असे वाटते की एक मोठा माणूस आला, पाणी प्यायला आणि अन्याय संपला. सावित्रीबाईंचेही तेच होते. अंगावर शेण पडले हे प्रत्येक पुस्तक सांगते, पण ते कोणी टाकले आणि त्यांना कशाची भीती वाटत होती, हे सांगताना वाक्य कर्मणी प्रयोगात जाते.

आणि ‘लहान मुले’ म्हणून जो बाऊ केला जातो, त्याला उत्तर एका शाळकरी मुलीनेच देऊन ठेवलेले आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने मांग आणि महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आमच्यासारख्यांना धर्माचे ग्रंथ वाचण्याचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न त्यात तिने केला आहे. ज्या वयात ते दुःख भोगता येते आणि त्यावर लिहिता येते, त्या वयात ते वाचता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याशी विचार करावा, कारण त्यांच्या मनातली ‘लहान मुले’ ही फक्त त्यांच्याच घरातली असतात.

अगदी चिमुरड्यांना हिंसेचे तपशील देऊ नयेत, हे मला मान्य आहे. पण चौथी-पाचवीतली मुले चिमुरडी नव्हेत.

मी स्वतः ‘किशोर’ वाचत मोठी झाले. बालभारतीने 1971मध्ये सुरू केलेल्या त्या मासिकाने गावोगावच्या मुलांना स्वस्तात जग दाखवले, आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी शेकडो पुस्तके मराठीत, हिंदीत कोणालाही फुकट वाचता येतील अशी ठेवली, त्याबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. मराठीत मुलांसाठी निष्ठेने काम करणारी माणसे आहेत, हे ठाऊक असल्यामुळेच आजचा प्रकार इतका लागला. ती लिहितील, चित्रे काढतील, प्रकाशक पदरमोड करून छापतील, आणि मग सभेत पाच मिनिटांत पुस्तक बाजूला पडेल.

मुळशीहून आल्यावर लेकीने त्या धरणाच्या पुस्तकात एक कोरा कागद चिकटवला आणि त्यावर तलावाच्या निळ्या रंगाखाली घरे, गोठे आणि एक देऊळ काढले. नंतर तिला कळले की मुळशीचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरते, तेव्हा तिने तोही बोगदा काढला. पुस्तकावरचे तिचे प्रेम त्यामुळे कमी झाले नाही. उलट आता ती ते पाहुण्यांना दाखवते आणि आधी आपलेच पान उघडते.

माझ्या इथल्या मित्रयादीत चित्रकार आहेत, शिक्षक आहेत, इतिहासाचे अभ्यासक आहेत. मुळशी सत्याग्रहावर दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक चांगले, सचित्र पुस्तक आपण मिळून करू या. त्यात खोऱ्याचा धरणाआधीचा नकाशा हवा, भाताचे खाचर हवे, कंपनीची बाजू हवी, कुळांचे आणि सावकारांचे हित एकच का नव्हते तेही हवे, आणि शेतकरी हरले हे स्पष्ट लिहिलेले हवे. जुनी वर्तमानपत्रे आणि कागद शोधण्याचे काम मी अंगावर घेते. ज्यांच्या आजोळची किंवा वाडवडिलांची गावे त्या खोऱ्यात होती, त्यांनी घरात ऐकलेल्या आठवणी मला मेसेजमध्ये लिहून पाठवाव्यात. गावाचे नाव तेवढे न विसरता लिहा.