जर्मनची होडी बुडत नाही म्हणे!

मामाचा फोन आला तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये होतो, ग्राइंडर चालू. "अरं, मेसेज बघितलास का? आता होडी घ्यायची ती जर्मनचीच. बुडतच न्हाई म्हणं!" मी ग्राइंडर बंद केला.

मामा काळम्मावाडी धरणाच्या पाण्यात जाळी टाकतो. मच्छीमार संस्थेचा जुना सभासद. लाकडी होडी थकलीय. दर उन्हाळ्याला डांबर पाजून पाजून आता तिच्यात लाकूड कमी आणि डांबर जास्त. नवी घ्यायची ठरलंय, पैसेही जमलेत, आणि नेमका याच वेळी हा मेसेज चार गावच्या ग्रुपांतून फिरत त्याच्या फोनवर आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, हलकं, म्हणून होडी बुडत नाही, लाईफ जॅकेटचा खर्च वाचतो. तळाला तांब्याची पट्टी किंवा जुना तांब्याचा पैसा रिबिटानं ठोकला की शेवाळ धरत नाही, शिवाय ते शुभ. पत्रा भांड्याचा चालतो. इंजिन जेवढं मोठं तेवढं बरं. 12 फुटी होडीत आठ माणसं आरामात बसतात. फुटली तर गावातला वेल्डर दहा मिनिटांत जोडून देतो. गंज नाही, देखभाल शून्य. वीज पडली तरी धातूतून पाण्यात निघून जाते. खाली सही, 'एक अनुभवी मच्छीमार बांधव'.

हा बांधव कधी भेटला तर मला त्याच्याशी बोलायचंय.

पहिलं, बुडत नाही हे. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा हलकं, कबूल. पण पाण्यापेक्षा ते 2.7 पट जड आहे. घरातलं जर्मनचं पातेलं हौदात पालथं-उताणं करून बघा. कोरडं असेपर्यंत तरंगतं, आत पाणी शिरलं की सरळ तळाला जातं. पुराच्या दिवसांत आपल्याकडं लोक गुऱ्हाळाच्या काईलीत बसून नदी ओलांडतात, ती काईल तर लोखंडाची. ती तरंगते ती आकारामुळं, धातूमुळं नव्हे. आणि काईलीत पाणी भरल्यावर काय होतं हे नदीकाठच्या कुणालाही विचारा.

लाकडी होडी पाण्यानं भरली तरी तिला धरून लटकता येतं. भरलेली जर्मनची होडी आत काही सोय नसेल तर हातातून निसटून जाते. हाच फरक त्या मेसेजनं बरोबर उलटा सांगितलाय. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा नियम आहे की 20 फुटांपेक्षा लहान, मागं इंजिन लावायच्या होड्यांमध्ये कारखान्यातच तरंगायची सोय केलेली असली पाहिजे, बहुधा फोम भरून, पाण्यानं काठोकाठ भरली तरी होडी तरंगत राहील एवढी. हा नियम ॲल्युमिनियमच्या होड्यांनाही लागू आहे. धातू आपोआप तरंगत असता तर त्या फोमचा खर्च कुणी कशाला केला असता?

हिशेब मामाला फोनवरच घालून दिला. 12 फुटी होडीचा नुसता सांगाडा 70 किलोचा धरा. पाण्याखाली गेल्यावर त्याचं वजन उरतं 44 किलो. त्यावर 35 किलोचं इंजिन, गळ, ओली जाळी, आणि काठ धरून लटकणारी तीन माणसं. एक लिटर बंद हवा जवळपास एक किलो उचलते. म्हणजे 150 ते 200 लिटर जागा तरी अशी हवी की जिथं पाणी शिरणारच नाही. बंद पेशींचा फोम मिळाला तर उत्तम. पांढरा थर्माकोल नको, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. काहीच नाही जमलं तर तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन, झाकणं घट्ट लावून, बाकांखाली आणि दोन्ही कडांना आवळून बांधायचे. तीस-पस्तीस लागतील. पण तळात नाही, कडांना वर. तळात हवा कोंडली तर भरलेली होडी पालथी होते, आणि मग ती कुणाच्याच कामाची राहत नाही.

लाईफ जॅकेटबद्दल मी वाद घालणार नाही. 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गच्च भरलेली होडी उलटली, माणसं गेली. ब्रह्मनाळ आपल्यापासून लांब नाही. ज्याला जॅकेटचे पैसे वाचवायचेत त्यानं त्या गावात जाऊन हा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवावा.

आता तांबं. मेसेज वाचताना माझं डोकं खरं फिरलं ते इथं, कारण मामीनं देवघरातला ढब्बू पैसा काढून, चिंचेनं घासून तयारच ठेवला होता.

यात अर्धं खरं आहे, आणि ते मला नाईलाजानं मान्य करावं लागतं. तांब्याला शेवाळ, शिंपले धरत नाहीत. इंग्रजांच्या आरमारानं 1761 साली 'अलार्म' नावाच्या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला तो त्यासाठी, आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून वाचायला. दोनेक वर्षं वेस्ट इंडिजच्या पाण्यात फिरून ती परत आली तेव्हा तांबं चांगलं होतं, पण ते जिथं लोखंडी खिळ्यांना टेकलं होतं तिथले खिळे पार खाऊन गेले होते. गंमत म्हणजे पत्र्याला गुंडाळून आलेला तपकिरी कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. तो कागद तांब्याच्या आणि लोखंडाच्या मधे राहिला तिथले खिळे शाबूत. कामगारांच्या आळसानं एवढा मोठा धडा दिला.

दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून पाण्यात बुडवले की त्याची बॅटरी होते, आणि त्यातला जो नरम स्वभावाचा तो झिजत जातो. तांब्यापुढं लोखंड झिजतं आणि ॲल्युमिनियम तर त्याहून लवकर. होडीच्या तळाला पैसा ठोकणं म्हणजे आपल्याच हातानं भोक पाडायची तारीख ठरवणं. धरणाचं गोडं पाणी असल्यानं हे समुद्रापेक्षा सावकाश होईल, पण होईल. पैशाभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली की समजायचं सुरू झालं. तांबं घातलेला रंग, तांब्याचं औषध पाजलेलं प्लायवूड, पितळी बोल्ट, सगळ्यांची जात तीच. स्टीलचा बोल्ट लागणारच असेल तर मधे नायलॉनचं वायसर घाला. 'अलार्म'च्या त्या कागदाचंच काम ते करतं.

आणि शेवाळाचं म्हणाल तर मामा रोज संध्याकाळी होडी काठावर ओढून ठेवतो. शेवाळ धरायला होडी दिवसरात्र पाण्यात राहावी लागते! समुद्रातल्या जहाजाचा रोग धरणातल्या होडीला चिकटवून वर औषध सांगायचं, असला हा प्रकार.

पत्रा भांड्याचा चालतो म्हणे. भांड्याचं ॲल्युमिनियम जवळजवळ शुद्ध आणि मऊ असतं, म्हणून तर पातेलं आपटलं की पोचा येतो. होडीला मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा लागतो. 5052 किंवा 5083 हे अशा पत्र्याच्या जातीचे आकडे, ते विकणाऱ्याला विचारा आणि बिलावर लिहून घ्या. त्याला आकडा माहीत नसेल तर चहा पिऊन परत या. वेल्डिंगच्या छोट्या होडीला तळाचा पत्रा 2 ते 3 मिलिमीटरचा असावा. धरणात बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती वर डोकावतात. पातळ तळ त्यांच्यावर घासला की संपलं.

इंजिन आणि माणसं यांचा हिशेब त्याच अमेरिकन नियमात आहे. फुटांमध्ये लांबी गुणिले रुंदी, भागिले 15, एवढी माणसं. 12 फूट बाय 4 फूट म्हणजे तीन. आठ नव्हे, तीन! इंजिनाचं कोष्टकही लांबी आणि इंजिन बसतं त्या मागच्या फळीची रुंदी यांच्या गुणाकारावर चालतं. आपल्या होडीला ते 15 एचपीवर थांबतं, आणि तळ सपाट असेल तर 10 वर. मामाच्या डोक्यात 25 भरलं होतं. मागची फळी 15 इंच उंच असेल तर आखूड शाफ्टचं इंजिन घ्या, लांब शाफ्ट चिखलात रुततो. वल्ही मात्र कायम होडीत ठेवा.

गावातला वेल्डर. मी स्वतः याच धंद्यात आहे, म्हणून हे हसण्यावारी नेत नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरचा ऑक्साईडचा पापुद्रा वितळायला 2000 च्या वर जावं लागतं. त्यामुळं साध्या काडीनं वेल्डिंग मारलं तर वरचा पापुद्रा तसाच आणि खालचा धातू गळून पडलेला. अशी एक होडी आमच्या शेडमध्ये आली होती. बोटभर चीर होती, कुणीतरी दुरुस्त केली आणि ती हातभर झाली. आर्गन गॅस आणि टिग किंवा मिग मशीन असलेलं शेड गाठा. कोल्हापुरात ती कमी नाहीत. लोखंड घासलेला वायर ब्रश मात्र ॲल्युमिनियमला लावू देऊ नका.

गंजत नाही हे बऱ्यापैकी खरं, तांबडा गंज येत नाही. दोघांत उचलून टेम्पोत टाकता येते, डांबर लागत नाही, म्हातारी झाली तरी मोडीला पैसे येतात. मलाही ही होडी आवडते, मामानं घ्यावी असंच माझं मत आहे. पण देखभाल शून्य हे खोटं. माशाचा चिकटा काढायला मामी धुण्याचा सोडा किंवा राख वापरणार, आणि ती दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. साधं पाणी, मऊ ब्रश, बास. चुन्याची, सिमेंटची पोती त्यातून वाहू नका. आतून रबरी मॅट टाका, नाहीतर वल्हं आपटल्याचा आवाज ऐकून चिलापीसुद्धा पळेल. मॅट उचलून वाळवत जा.

विजेचं एका वाक्यात सांगतो. होडी कशाचीही असो, उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचं डोकं, तेव्हा वळवाचा गडगडाट ऐकू आला की काठ गाठायचा.

एवढं सगळं मामानं ऐकून घेतलं. मधे एकदा म्हणाला, "मग बुडतीया तर घिऊ कशाला?" पाणी काढायच्या भोकाचं बूच दोन घे, एक लावायला आणि एक खिशात, असं मी सांगितलं. बूच लावायचं विसरून होडी पाण्यात ढकलणारे काही कमी नाहीत. ते त्यानं हसत मान्य केलं. फक्त ढब्बू पैशाचं अडलं. मामी मागून ओरडत होती की घासून ठेवलाय, पूजा झालीय, आता तो होडीवर गेलाच पाहिजे.

मी म्हटलं, मामी, तो मामाच्या लाईफ जॅकेटच्या खिशात शिवून टाका, चांगला दुहेरी टाका घालून. पैसा घरी राहिला तर होडी काठावरून हलायची नाही, असं मामाला बजावून सांगा.