पाऊस आला की अलार्म बोंबलतो

परत रात्री दोनला सायरन! चोर नाही काय नाही, मागच्या खोलीची खिडकी. बेळगावचा पाऊस लागला की लाकडी चौकट फुगते, खिडकी नीट बसत नाही, मग मॅग्नेट आणि रीड स्विच (मॅग्नेट जवळ असला की जोडलेला राहतो तो स्विच) यांच्यातलं अंतर वाढतं आणि पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मेन डब्याला, वाटतं कुणीतरी खिडकी उघडली. दरवर्षी हेच ओ! आणि माझी अक्कल बघा, वायर वाचवायला सातही खिडक्या एकाच झोनवर, म्हणजे पॅनेलच्या एकाच लाइनवर, सिरीजमध्ये एकामागोमाग जोडल्यात, म्हणजे लूप कुठं तुटलाय ते कळायला मार्ग नाही, मग मी लुंगीवर, तोंडात टॉर्च, हातात मल्टिमीटर, एकेका खिडकीची कंटिन्युटी, म्हणजे जोडणी अखंड आहे का, ते बघत फिरतोय आणि तोवर अनगोळातली आमची अर्धी गल्ली जागी. समोरच्या काकू गॅलरीतून विचारतात, "सापडला काय ओ चोर?"

लोखंडी चौकटीचं अजून वेगळंच. लोखंड मॅग्नेटची ताकद खातं, खाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून उचलावा लागतो, पण दुकानदार सांगेल तर शपथ, "लावा की, काय होतंय" एवढंच.

आणि एंड ऑफ लाइन रेझिस्टर, म्हणजे वायर धड आहे का ते पॅनेलला कळावं म्हणून लावायचा रेझिस्टर, मेव्हण्यानं हौसेनं पॅनेलच्या डब्यातच बसवलाय! अरे बाबा, नावातच आहे की शेवटच्या सेन्सरपाशी लाव म्हणून, डब्यात लावलास तर मधे वायर शॉर्ट झाली तरी पॅनेल म्हणणार सगळं ओक्के.

ही म्हणते, कुत्रं पाळलं असतं तर दोन भाकरीत भागलं असतं.