'नापास माणूस पोरांना स्वप्नं विकतोय' म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, आयबी म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो, केंद्राच्या गुप्तचर खात्याच्या भरतीवर मी लेख लिहिला, त्याखालची तुमची कमेंट रात्री वाचली आणि झोपच उडाली. मत वेगळं असू द्या हो, पण "स्वतः नापास झालेला माणूस केळीच्या बागेतल्या पोरांना हेर व्हायची स्वप्नं विकतोय" ही काय बोलायची रीत झाली? मी अहो-जाहो करतोय, तुम्हीही जरा तोंड सांभाळा.

एक चूक मान्य. वयाची अट 18 ते 27 लिहिली, पण ओबीसीला 3 आणि एससी-एसटीला 5 वर्षं सूट असते ते राहून गेलं, टाकतो.

आता नापास. आयबीतल्या एसीआयओ या अधिकारी पदाच्या परीक्षेचा पहिला पेपर मी पास केला होता, 100 प्रश्न, एक तास, चुकलं की पाव मार्क कट. अडकलो दुसऱ्यात, 50 मार्कांच्या लेखीत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि तिथे इंग्रजीत लिहायचं म्हटलं की पहिल्याच ओळीला पेन थांबायचा. चोपड्याच्या अभ्यासिकेत लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात लिहायचो तरी जमलं नाही. म्हणूनच तर मी पोरांना पहिल्या दिवसापासून इंग्रजी वर्तमानपत्र वाचून सारांश लिहायला लावतो. जो पास होऊन आत गेला तो इथे येऊन हे सांगत बसणार आहे का?

आणि हेर हा शब्द तुमचा, माझ्या लेखात कुठेच नाही. आयबी देशातलं बघते, 1887 पासून. बाहेरचं काम 1968 ला रॉ या परदेशातलं बघणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि तिथे अशी सरळ जाहिरात निघत नाही, हे मी स्पष्ट लिहिलंय. इथलं काम म्हणजे माणसांत बसायचं, ऐकायचं, खरंखोटं पारखायचं, वेळेत रिपोर्ट लिहायचा. माझे वडील केळीच्या गाड्या भरायचे. व्यापारी फोनवर दिल्लीशी बोलायला लागला की ते खाली मान घालून ट्रकमध्ये पानं अंथरत राहायचे, आणि संध्याकाळी गल्लीत सांगायचे, उद्या भाव पडतो, आजच कापून घ्या. बहुतेक वेळा पडायचाच. बागेतल्या पोरांना कमी समजू नका, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

वशिला, पगार यावर तुम्ही जे लिहिलंत त्यावर वेळ घालवत नाही, पगाराची पायरी, लेव्हल 7, जाहिरातीतच छापलेली असते.

"विकतोय" म्हणालात ना, एका पोराकडून मी एक रुपया घेतल्याचं दाखवा. रविवारी सकाळी 7 ला पोरं वह्या घेऊन बसतात, या आणि त्यांना तोंडावर विचारा.