सगळ्या जगाला एकच घड्याळ? नको रे बाबा

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी नवीन शोध लागल्यासारखं लिहितं की टाइम झोन ही जुनाट भानगड आहे, सगळ्या जगात एकच वेळ लावा, मीटिंगचे घोळ संपतील. वैताग मला कळतो, मी स्वतः एकदा हिशोब उलटा करून एकाला त्याच्या पहाटे ३ ला फोन लावलाय 🙈 पण हा उपाय काही पटत नाही.

समजा लावली एकच वेळ. तुमच्याकडे १४:००, त्याच्याकडेही १४:००. बरं मग? तो जागा आहे का घोरतोय हे कळायला त्याच्याकडे उजाडतं कधी ते बघावंच लागणार ना? म्हणजे हिशोब तोच, फक्त तासांऐवजी उजेडाचा. आणि तारीख? कुठेतरी भर दुपारी, हातातला घास तोंडात जाईपर्यंत मंगळवारचा बुधवार होणार. तिथे 'उद्या ये' म्हटलं तर माणसाने यायचं कधी?

गंमत म्हणजे झोन आले तेच घोळ कमी करायला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दर अंशाला ४ मिनिटांचा फरक, त्यामुळे पूर्वी प्रत्येक गावाची दुपार वेगळी असायची आणि कोणाचं काही अडत नव्हतं, रेल्वे येईपर्यंत. ब्रिस्टल लंडनच्या साधारण १० मिनिटं मागे, तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या (जुना धान्यबाजार) घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक गावचा एक लंडनचा. (मी फोटोतच पाहिलंय, पण जाम आवडतं.) अमेरिकेत तर रेल्वे कंपन्यांनीच १८ नोव्हेंबर १८८३ ला झोन लावून टाकले, आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच शून्य रेखांश ठरलं. म्हणजे शेकडो वेळांच्या चोवीसेक झाल्या, आणि आपण त्यांनाच शिव्या घालतोय.

विमानं, सर्व्हर वगैरे यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर चालतात, चालू देत, सर्व्हरला झोप लागत नाही.

माणसांवर प्रयोग करून झालाय की. चीन एवढा आडवा पसरलेला देश, पण १९४९ पासून अख्ख्या देशाला वेळ एकच, बीजिंगची. पार पश्चिमेला शिनजियांगमध्ये सूर्य दोनेक तास मागे, म्हणून तिथले कित्येक उइगुर लोक आपली वेगळी वेळ धरून चालतात, दोन तास मागची. आता तिथे कोणाला ५ वाजता भेटायचं म्हटलं की आधी विचारून घ्यावं लागतं, कुठले ५?