नुसतं ‘नवबौद्ध’ लिहून भागत नाही

‘१९९०च्या दुरुस्तीने बौद्धांचा प्रश्न मिटला’ हे बौद्धांच्या आरक्षणावरच्या लेखातलं विधान अर्धंच खरं आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा, पंजाबातल्या काही शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना होता, १९५६ला बाकीचे शीख आले, बौद्धांना मात्र १९९०पर्यंत ताटकळावं लागलं. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती १९६०पासूनच दिल्या होत्या, म्हणून इथे ती उणीव तितकी जाणवली नाही.

खरी अडचण जातीच्या दाखल्यात आहे. केंद्राच्या नोकरीसाठी दाखल्यावर मूळ जात आणि बौद्ध धर्म, दोन्ही लागतात. नुसतं ‘नवबौद्ध’ असेल तर अर्ज अडतो, कारण केंद्राच्या यादीत त्या नावाची जातच नाही. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेल, तर १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा, म्हणजे तो आदेश निघण्याआधीचा, मूळ जातीचा पुरावा शोधावा लागतो: आजोबांचा शाळेच्या नोंदवहीतला प्रवेश-निर्गम उतारा किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या नोंदवहीतली) जन्म-मृत्यूची नोंद. जीर्ण कोतवाल बुकं मोडी लिपीत असली तर लिप्यंतरही करून घ्यावं लागतं. हे सगळं अर्जाची मुदत तोंडावर येण्याआधी करा. ज्या जातीचं ओझं टाकायला माणसं १९५६ला दीक्षाभूमीवर गेली, तिचंच नाव नातवंडांनी कागदावर जपायचं, ही सक्ती मला फार बोचते.